मृगातलं पाणी

२ एप्रिल २०१३

आज टँकरवर सारजाबाईचं डोकं फुटलं. टँकरचं पाणी विहिरीत पडायला लागलं की बायकांना धीर धरवत नाही. पाइप चालू असतानाच पोहरे सोडतात. दोर एकमेकांत अडकले, ओढाताण झाली आणि कुणाच्या तरी हातून निसटलेली पितळी कळशी खाली वाकलेल्या सारजाबाईच्या टाळूवर आली. ती जागीच बसली. रक्त कपाळावरून ओठांवर उतरत होतं आणि तिची सून तिला ओलांडून आपला पोहरा भरत होती.

मी कापूस आणि आयोडीन घेऊन पोचले तेव्हा सून म्हणाली, "आधी पाणी बाई, मग सासू." भोवतीच्या बायका हसल्या. सारजाबाईसुद्धा हसली. तिचे दात लाल झाले होते.

मी राहते ते दूध संघाच्या बंद पडलेल्या संकलन केंद्रात. गावात दूधच उरलं नाही, म्हणून सुंदरने ही इमारत मला दिली. सुंदरराव माझा धाकटा चुलत भाऊ, इथल्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचा चेअरमन. पुण्याकडच्या रेडिओ दुर्बिणीवरची नोकरी संपली आणि मी गावी येते म्हणाले, तेव्हा बाकी सगळ्यांनी विचारलं, तिथं काय करणार? याने विचारलं, "आक्का, जागा किती लागंल?" आष्टीच्या केबलवाल्याची जुनी पत्र्याची छत्री त्यानेच ट्रॅक्टरवर घालून आणली आणि गच्चीवर चढवून दिली. रोज दुपारी मी तिच्यातून मृग नक्षत्राकडे कान लावून बसते. मोठ्या दुर्बिणींना रोज एकाच जागी बघायला वेळ नसतो. मला आहे.

रेडिओला उजेड आडवा येत नाही. उन्हाळ्यात मृग दिवसाच माथ्यावर येतो, सूर्याच्या मागून चालतो, डोळ्यांना दिसत नाही. छत्रीला ऐकू येतो.

आज मात्र दुपारभर पडद्यावर नुसती चरचर होती.

५ एप्रिल

चरचर रोज येते, आणि गाव जेवून आडवं होतं नेमकं तेव्हाच. हा आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे. नोकरीत माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं. जीपमध्ये टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखा एक अँटेना टाकायचा, हेडफोन लावायचा आणि दुर्बिणीला त्रास देणारी ठिणगी कुठे उडते ते हुडकत गावोगाव फिरायचं. कुठे पिठाच्या गिरणीची मोटर असायची, कुठे विजेच्या खांबावरचा फुटका चिनी मातीचा लट्टू, कुठे तारेवर टाकलेला चोरीचा आकडा. सापडलं की गावातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या कानावर घालायचं, मग आमचा वायरमन येऊन फुकट दुरुस्त करून द्यायचा. गिरणीवाले चहा पाजायचे, शेंगा बांधून द्यायचे. लोक किती चांगले असतात!

हा आवाज आकड्याचा आहे. सैल आकडा वाऱ्याने हलला की अशी ठिणगी पडते. मृगात मी ऐकते ती पाण्याच्या रेणूची रेडिओ-रेषा फार वरच्या कंपनांची, तिथवर ही ठिणगी पोचत नाही. पण तो संकेत आम्ही यंत्रात खाली उतरवून घेतो आणि खालच्या मजल्यावर ही बया दार ढकलून शिरते. तलावाभोवतीच्या शेतीपंपांची वीजजोडणी तोडली आहे, उरलेलं पाणी पिण्यासाठी राखलं आहे. तरी कुणीतरी आकडा टाकून मोटर चालवतं आहे.

सुंदर चहाला आला होता, त्याला सांगितलं.

"कुठनं येतंय ते कळतंय तुमाला?"

"कळतं की. अँटेना फिरवायचा, आवाज वाढेल तिकडे चालायचं."

"अन् बिनचूक?"

"तुला खांबाला नेऊन उभा करीन."

त्याने बशी खाली ठेवली. "आक्का, लई मोठी विद्या हाय तुमची." उद्यापासून अँटेना उचलायला संस्थेचा राखणदार धोंडीराम येणार आहे. माझं काम घरच्या कुणी इतकं मन लावून ऐकल्याचं मला आठवत नाही. दादा, माझे वडील, असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

९ एप्रिल

सापडला. तलावाच्या वरच्या अंगाला, मुंजाजीच्या शेताच्या बांधावर. धोंडीराम हुशार आहे. आवाज कसा चढतो, कसा उतरतो, ते त्याला एकदाच सांगावं लागलं. येताना तो म्हणाला, "आक्का, आता तुमी नगा बोलू कुणाला. चेअरमनसाहेब बघतेत."

१० एप्रिल

शांत. दिवसभर शांत. देवा, तुझे आभार.

१३ एप्रिल

मुंजाजीचे दोन्ही हात मोडले आहेत. ऐकलं तशी ग्लुकोजची बिस्किटं घेऊन गेले. तो बाजेवर पडला होता, मनगटांना कामट्या बांधलेल्या, बोटं सुजून काळी. एका डोळ्यात नुसतं रक्त. बायको त्याला चमच्याने पाणी पाजत होती आणि त्याला गिळता येत नव्हतं.

"कशानं झालं रे?"

"बैलानं मारलं," तो भिंतीकडे बघून म्हणाला.

"कुठल्या बैलाने?"

बायको म्हणाली, "हाय एक बाई. लई माजलाय. समद्या गावाला ठावं हाय."

त्यांचे बैल चारा छावणीत आहेत असं मला वाटत होतं. एखादा घरी ठेवला असेल. मी म्हटलं, "असं मारकं जनावर दारात ठेवू नये, विकून टाका."

"त्याला कोण घेतंय?" ती म्हणाली, आणि बिस्किटांचा पुडा माझ्या हातात परत दिला. दुःखाने माणूस असा तुटक होतो. मी पुडा उंबऱ्यावर ठेवून आले.

२० एप्रिल

आज मंजुळाच्या मळ्यात गेले. मंजुळा माझ्याकडे स्वयंपाकाला येते. ती आणि तिचा नवरा उत्तरेश्वर दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायचे. या वर्षी गेले नाहीत. त्यांनी लावलेली मोसंबी पहिल्यांदाच धरली आहे.

"ही झाडं तगली की कोयता सुटला बघा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापास्नं पाचटात झोपतेय मी. पोरगी फडातच झाली, नाळ कोयत्यानंच कापली. औंदा फळ हाती आलं तर पुन्हा फडात पाय ठिवणार न्हाई."

"आणि नाही आलं तर?"

"तर हायच की कोयता." ती झाडांच्या बुंध्याशी हात लावून बघत होती, आपण पोराचं अंग तापलंय का बघतो तसा.

सगळ्या शिवारातल्या बागा वाळून कोळ झाल्या आहेत, लोकांनी तोडून सरपण केलं. हिची झाडं मात्र हिरवी. बुंध्याशी ओल आहे. "टँकर घेतो की आमी," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. कष्टाळू माणसं. तलावाच्या खालच्या अंगाला सुंदरचा ऊसही तसाच हिरवागार उभा आहे. संस्थेसाठी बेणं राखलंय म्हणतो. त्या रखरखाटात तो बघून डोळे निवतात.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिने विचारलं, "त्या छत्रीत काय बघता वो बाई रोज?"

मी सांगितलं. मृगाच्या बाणाखाली एक ढग आहे. आपल्या ढगासारखा नाही, गोठवणारा थंड आणि काळा. त्यात धूळ आहे, वायू आहेत, अमोनिया आहे, दारूतला मद्यार्कसुद्धा आहे. तो ढग स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो आणि पोटात तारा धरतो. धुळीमुळे साध्या दुर्बिणीला आतलं दिसत नाही, पण रेडिओच्या लहरी धुळीतून आरपार येतात. प्रत्येक रेणूचा एक ठरलेला सूर असतो. सूर ओळखला की कोण बोलतंय ते कळतं. सूर जरा चढला किंवा उतरला की तो वायू आपल्याकडे धावतोय की दूर पळतोय तेही कळतं.

"अन् त्यात पाणी कुठलं?"

"जन्मणारा तारा गप्प नसतो ग. दोन्ही अंगांनी वायूचे फवारे मारतो. ते भोवतालच्या ढगावर आपटतात आणि जिथे आपटतात तिथे पाण्याचे रेणू पेटतात. एक पेटला की त्याच्या चिथावणीने दुसरा, दुसऱ्याच्या चिथावणीने हजार. बाकीचे रेणू सांगतात ढग किती थंड, किती दाट. पाणी मारामारीची जागा सांगतं."

मंजुळाचा हात परातीत थांबला. "तिथं बी?"

आम्ही दोघी खूप हसलो.

२ मे

चरचर पुन्हा सुरू झाली. रोज दुपारी, जेवणानंतर. गच्चीवरून अँटेना फिरवून पाहिला, या वेळी तलावाच्या मधल्या बाजूने येते आहे. धोंडीराम अँटेना न्यायला आला तर यंत्रातले सेल ओले. रात्री उशाशी ठेवले होते ते सकाळी घागरीत कसे पडले कोण जाणे. मंजुळा म्हणाली, "माझ्याच हातनं पडले." तिचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, जाऊ दे, युसूफ वडगावच्या बाजारातून दुसरे आणवू. धोंडीराम तिच्याकडे बघत उभा होता.

छावणीत आज दोन घरांत कडब्याच्या पेंडीवरून कुऱ्हाडी चालल्या. एकाचा कान गेला. कान सापडला नाही म्हणून त्याचा म्हातारा बाप गुरांच्या पायांत वाकून शोधत होता असं सांगतात.

५ मे

नवे सेल आले. मंजुळाने आज पुरणपोळ्या केल्या. सण नाही, वार नाही. "खावा बाई, अजून एक खावा." इतकं तूप वाढलं की मला बसल्या जागी झोप लागली, दुपार निघून गेली. उठले तर ती पायाशी बसून मला वारा घालत होती. आईनंतर असं कुणी केलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"उद्या मात्र जायलाच हवं," मी म्हटलं.

"कावून जाता बाई? ऊन लई हाय. मरंल की वो एखांदं."

किती जीव लावते ही बाई.

७ मे

काल लिहू शकले नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते.

काल जेवण करून मी उठले तर दार उघडेना. बाहेरून कडी लागली होती. मंजुळा भांडी घासून निघून गेली होती. वाऱ्याने लागली असेल असं मला वाटलं. कडी सैल आहे. मी हाका मारत राहिले. शेवटी धोंडीराम आला आणि त्याने काढली. त्याच्याबरोबर सटवा होता, संस्थेचा दुसरा राखणदार. तो आजवर कधी आला नव्हता. हातात काठी.

"काठी कशाला रे?"

"सापकिरडू असतंय आक्का."

अँटेना मी माझ्याच हातात घेतला. हेडफोन एका कानावर. तलावाचं आता मधोमध डबकं उरलं आहे, बाकी सगळ्या भेगा आणि भेगांत माशांचे काटे. आवाज चढत गेला तशी मी भरभर चालायला लागले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. गुडघे दुखत नव्हते. दोघे राखणदार मागे राहिले, इतकी मी पुढे गेले. बाभळीची जाळी ओलांडली आणि समोर खांब. तारेवर बांबूने टेकवलेला आकडा, त्याच्या ठिणग्या उन्हातही दिसत होत्या. वायर डबक्याकडे उतरली होती. मी हात वर करून ओरडले, "सापडला!"

डबक्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून उत्तरेश्वर पाइपच्या तोंडाचा गाळ काढत होता.

मी म्हटलं, "अरे, तू होय! अरे बाबा, आकडा तरी नीट..." सटवा माझ्या अंगावरून पळत गेला आणि पहिली काठी उत्तरेश्वरच्या खांद्यावर बसली. ओल्या अंगावर काठीचा आवाज चापट मारल्यासारखा येतो. दुसरी तोंडावर बसली. तो पाण्यात गेला, उठला, ओठ फाटून लोंबत होता. "सटवा, झाडं मरतेत बे! फकस्त झाडांपुरतं घेतो!" धोंडीरामने त्याचे केस धरून त्याला काठाला ओढला आणि सटवा मारत राहिला, पाठ, बरगड्या, पुन्हा तोंड. काहीतरी मोडलं, ते मला ऐकू आलं. मी म्हणत होते, "सोडा रे त्याला, थांबा, मी सुंदरला सांगते."

मी सुंदरला सांगते, असं म्हणत होते मी.

मग सटवाने मोटरची वायर उपटली. तिचं उघडं टोक वाळक्या काठीच्या शेंड्याला अडकवून त्याच्यापुढे नाचवलं. "पाणी पाह्यजे न्हवं? घे. घे पाणी."

"बे, मरंल त्यो!" धोंडीराम केस सोडून मागे उडाला.

एकदा टेकवली आणि काढली. उत्तरेश्वर गुडघ्यांवर आला. सटवा हसला. पुन्हा टेकवली आणि काढली नाही.

हेडफोन अजून माझ्या कानावर होता. चरचर तुटक येत होती ती एकाएकी सलग झाली. उत्तरेश्वरचं तोंड उघडं होतं, त्यातून काही आवाज येत नव्हता. आवाज माझ्या कानात होता. अँटेना त्याच्याकडे रोखलेला होता आणि तो खाली करायचं मला सुचलं नाही.

८ मे

सुंदर म्हणतो, आकडा काढताना त्याला शॉक लागला. शॉक लागला हे खरंच आहे.

त्या दिवशी सुंदर धावत आला, स्वतःचं उपरणं त्याच्यावर पांघरलं, रडला. पोलीस आले तेव्हा मला घरी आणून निजवलं होतं, कपाळावर ओलं फडकं, हातात लिंबाचं सरबत. मला कुणी काही विचारलं नाही. मीही उठून गेले नाही. पोलिसांनी आकडा बघितला, बांबू बघितला, बघून गेले. तोंडावरच्या जखमा पडताना झाल्या असं ठरलं. उत्तरेश्वर पाणी चोरताना मेला. एवढंच कागदावर राहील.

मंजुळाने प्रेताच्या तोंडावरचं फडकं काढलं आणि ओठाचा लोंबता तुकडा बोटाने जागच्या जागी बसवला. तो राहीना. ती पुन्हा पुन्हा बसवत होती. मी दारातून परत आले.

१० मे

छत्री लावली. का लावली ते माहीत नाही. हाताला सवय.

पडद्यावरचा पट्टा स्वच्छ होता, काचेसारखा. आणि रेषा उठली. घरच्या यंत्रावर इतकी उंच, इतकी धारदार रेषा मी कधी पाहिली नव्हती. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते. मृगातलं पाणी. कुठल्या तरी ताऱ्याने जन्मताना भोवतालच्या ढगाला मार दिला आणि तिथलं पाणी पेटलं. रेषा किती सरकली यावरून वायू किती वेगाने आदळला ते मला वाचता येतं. मी ते वाचलं, लिहून ठेवलं. मग लक्षात आलं की तलावाच्या बाजूने एक ठिणगीसुद्धा येत नाही. मोटर लावायला आता कुणी धजत नाही. सटवा माझा अँटेना खांद्यावर टाकून बांधाबांधाने फिरतो, असं सारजाबाईची सून सांगत होती.

नोंदीवर आडवी रेघ ओढायला पेन उचललं. नोंद मात्र खोडली नाही.

१२ मे

सुंदर आला.

"आक्का, गावात लोक काय वाट्टंल ते बोलतेत. मनावर घिऊ नका."

"सटवाने वायर टेकवली, सुंदर. मी बघितलं."

"तुमाला ऊन लागलतं."

"काढली नाही त्याने."

तो छत्रीकडे बघत राहिला. "ही लई बारकी हाय. संस्थेकडनं मोठी आणू. शाळंतल्या पोरांना बी दाखवता यील." मग तो हळू आवाजात म्हणाला, लहानपणी माझ्याकडे कैरीची फोड मागायचा त्या आवाजात, "आक्का, माझ्या माणसांना ती जागा ठावं न्हवती. मुंजाजीची बी न्हवती. कुणी दाखवली? बोलायला बसलं तर समदंच बोलावं लागंल."

मुंजाजीची बी.

मी विचारलं, "त्याला बैलाने मारलं ना?"

सुंदर हसला. कीव आल्यासारखा हसला.

"आणि तुझा ऊस? त्याला पाणी कुठून येतं?"

"संस्थेचं बेणं हाय ते," तो म्हणाला आणि चप्पल घातली.

१६ मे

औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी ख्रिश्चन मुली पाद्र्यापुढे पापनिवेदनाला जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर बसून त्यांची वाट बघायचो. त्या आत मान खाली घालून जायच्या आणि बाहेर आल्या की लगेच हसायला, चिमटे काढायला मोकळ्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. आज तसंच काहीतरी मनात धरून मी मंजुळाच्या मळ्यात गेले. लिहायला लाज वाटते, पण तसंच गेले.

ती झाडं तोडत होती. पाणी तुटल्यापासून पानं वळून चुरगळली होती, फळं लिंबाएवढी होऊन गळली होती, पायाखाली फुटत होती. ती एकटी, कासोटा घातलेला, हातात कोयता. एका घावात फांदी, दुसऱ्या घावात बुंध्याला खाच, मग लाथ मारून आडवं. अंगाला काट्यांचे ओरखडे, त्यातून रक्त, त्याला माती चिकटलेली. झाड पडलं तरी ती घाव घालत राहायची.

"मंजुळा, ती जागा मी दाखवली."

कोयता थांबला नाही. "ठावं हाय."

"तुला माहीत होतं?"

"मुंजाजीचे हात मोडले तवापास्नं समद्या गावाला ठावं हाय. एका तुमालाच न्हाई."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? चेअरमनच्या आक्काला?" तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "म्या म्हणलं, ह्या त्येंच्याच. समजून करतेत. मग वाटलं, न्हाई, ह्येंना खरंच ठावं न्हाई. ते त्याहून वंगाळ. सांगितलं तर सरळ जाऊन भावाला इचारलं असतं तुमी."

विचारलं असतं. हसत विचारलं असतं.

मी खाली बसले आणि रडायला लागले. तिने पुढचं झाड धरलं. ते पडेपर्यंत मला रडू दिलं. मी म्हटलं, "मंजुळा, मला माफ..."

"मला कावून सांगता?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कोयता हातातच. मला वाटलं मारते. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. "मी काय फौजदार हाय? मला सांगून तुमी मोकळ्या व्हाल अन् घरी जाऊन जेवाल. मी काय करू त्याचं? माझा माणूस चोर म्हणून जाळला त्येंनी. दिवाळीला पोरगी घिऊन मी फडात जाईन, तिथं बी म्हणतील, ती चोराची बायकू." तिने कोयत्याचं टोक रस्त्याकडे केलं. "गाडी जातीया तालुक्याला. जावा की. तिथं सांगा."

१७ मे

सकाळी युसूफ वडगावपर्यंत चालत गेले. फाट्यावर सटवा मोटरसायकलवर बसला होता.

"कुठं निघाल्या आक्का?"

"तालुक्याला."

"ऊन लई हाय. चेअरमनसाहेबांची गाडी बोलवू का?"

"नको."

एसटी निघाली तशी त्याने मोटरसायकल मागे लावली. अगदी ठाण्याच्या दारापर्यंत. तो बाहेर लिंबाखाली गाडी लावून बसला, मला दिसेल असा.

आतला जमादार निवृत्तीला आलेला. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, आमच्या तलावात मेलेल्या उत्तरेश्वरबद्दल सांगायचं आहे, लिहून घ्या. त्याने कागद ओढला.

"मयत तुमच्या नात्यातला?"

"नाही. त्याची बायको माझ्याकडे स्वयंपाक करते."

"शॉकनं मेला न्हवं का त्यो?"

"संस्थेच्या राखणदाराने, सटवाने, मारून मारून त्याच्या अंगाला जिवंत वायर लावून धरली. मी तिथे उभी होते."

त्याने मान वर केली. "संस्थेचे चेअरमन तुमचे कोण?"

"चुलत भाऊ."

जमादाराने पेन खाली ठेवलं. खिडकीतून लिंबाखालची मोटरसायकल दिसत होती, तिकडे एकदा पाहिलं. मग उठून दार लोटून घेतलं, परत बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाई, नीट इचार करून सांगा. हे लिव्हलं की मागं घेता येत न्हाई. भर दुपारी त्या तळ्यात तुमी कशापायी गेलत्या?"

"मारणाऱ्यांना वाट दाखवायला," मी म्हटलं. "पहिलं वाक्य तेच घाला."